वाट्यांखालची गोधडी

शनिवारी दुपारी मी शालनताईंकडे गेले, तेव्हा त्यांच्या मांडीवरची गोधडी अर्धीच शिवून झाली होती. मी दारातून हाक मारली नाही. समोर जाऊन बसले आणि त्यांनी मान वर केल्यावर बोलले. ताईंचे कान गेल्यापासूनच्या चार वर्षांत वराळ्यात एवढं तरी आम्हा सगळ्यांना जमायला लागलंय.

"निवृत्तीभाऊ म्हणतात, विहारातलं ग्रंथवाचन आता त्यांच्या सुनेकडे, अनघाकडे द्यावं. तुम्हाला त्रास होतो म्हणून."

"मला होतो की त्यांना?" ताईंनी सुई कापडात खोचली. "त्यांना सांग, मला उद्याचा एक रविवार द्या. नाही जमलं तर मीच पुस्तक अनघाच्या हातात देईन."

शालनताईंचं माहेर बेडसे, लेण्यांच्या पायथ्याचं. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या, तीन महिन्यांत आमच्या विहारात दर रविवारी वंदना, मग वाचन, मग प्रश्न आणि शेवटी खीर. वाचन एकोणीस वर्षं ताईंचं. मेंदूज्वरात त्यांचे दोन्ही कान गेले तेव्हा फक्त दोन वर्षावास चुकले. पुण्याला ऑपरेशन होऊन कॉक्लियर इम्प्लांट बसलं, कानामागं लावायच्या मशीनसकट. मग सहा महिने रोज नवऱ्यासमोर बसून शब्द ओळखायचा सराव. "तीस वर्षांच्या संसारात हे सलग अर्धा तास कधी बोलले नाहीत," ताई सांगतात, "त्यासाठी माझे कान जावे लागले."

मागच्या रविवारी चूक आमचीच झाली. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून आम्ही त्यांची बैठक स्पीकरच्या खोक्याला खेटून मांडली. शिवाय प्रश्न चालू असतानाच बायकांनी खिरीच्या वाट्या फरशीवर मांडायला घेतल्या. विहाराचा कारभार बघणाऱ्या निवृत्तीभाऊंनी प्रश्न तीनदा विचारला, तिसऱ्यांदा तर ओरडून. ताईंनी पुस्तक मिटलं आणि उठल्या.

शनिवारी संध्याकाळी त्या मला रिकाम्या विहारात घेऊन गेल्या. स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "यशोधरा, तू मागून बोलत राहा, आणि मधेच एकेक वस्तू वाजव."

मी पंचशील म्हणत राहिले. पत्र्यावर पाऊस धो धो वाजत होता, त्याची मला काळजी. त्यांना नव्हती. "पाऊस चालतो. एकसारखा आवाज मशीन ओळखतं, मागं सारतं." मी वाटी टाकली, आणि पुढचे तीन शब्द त्यांना कळले नाहीत. खुर्ची ओढली, पुन्हा तेच. अचानक काही आदळलं की मशीन सगळंच दाबून धरतं, त्यात बोलणंही दबतं. असे आवाज कमी करण्याची सोय ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी मशीनमध्ये चालू करून दिली आहे. "पण अर्धं काम मशीनचं," ताई म्हणाल्या, "अर्धं तुमचं."

रविवारी स्पीकरचं खोकं बंद होतं, कारण त्यातून घुमणारं बोलणं ताईंना फुटून ऐकू येतं, आणि ताईंची बैठक भिंतीच्या कोपऱ्यात, सगळ्यांसमोर होती. ती अर्धी गोधडी चार पदरी घालून तिच्यावर वाट्या ठेवल्या होत्या. प्रश्न संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकानंच, हात वर करून बोलायचं.

सरुबाई आजी कुरकुरल्या. "आगं, आमी गप बसू, पन ढेकूर आला तर?"

"तुमचा ढेकूर ओळखीचा आहे आजी," ताई म्हणाल्या. "तो चालेल."

वाचन नीट झालं. मग निवृत्तीभाऊंनी हात वर केला. भाऊंनी मुद्दाम लांबलचक प्रश्न आणला होता, हे आम्हाला पहिल्या चार शब्दांतच कळलं. ते निम्म्यावर आले आणि मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. ताई तळवा वर करून शांतपणे म्हणाल्या, "पाण्यावरून भाऊबंदांत भांडण, इथपर्यंत आलं. पुढचं परत सांगा."

भाऊंनी सांगितलं, तेही न ओरडता. "तर पंचशील पाळणाऱ्यानं गप्प बसायचं का?"

"गप्प बसायला कुठं सांगितलंय? खोटं बोलू नका, एवढं सांगितलंय. पाणी सारखं वाटा आणि खरं ते बोला."

भाऊंनी मान हलवली. सरुबाई म्हणाल्या, "आता खीर द्या म्हंजे झालं. निवृत्ती, पुढच्या आयतवारी काय इचारनार?"

"ते शालनताई वाचतील त्यावर," भाऊ म्हणाले. अनघा हसली आणि वाट्या उचलायला गेली, दोन्ही हातांनी, एकेक.

आज सकाळी वंदना करून हे लिहायला बसले. गोधडीवर खिरीचे डाग पडलेत, ताईंनी ती धुऊन वाळत घातलीय. खुर्च्यांचं काम तेवढं राहिलंय. दुपारी ताई तळेगावला सायकलच्या दुकानात जाणार आहेत, खुर्च्यांच्या पायांना बसवायला जुन्या ट्यूब आणायला.