उंबऱ्यावरचं पाणी

उत्तमनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दळण. गुरुवारी सकाळी दोघं दोन डबे घेऊन गिरणीवर गेलो. त्याची ज्वारी, माझे तांदूळ. ज्वारीमागून तांदूळ टाकले की पहिलं मूठ-दोन मूठ पीठ मिसळून येतं, म्हणून आधी डबा कोणाचा यावरून आमची हुज्जत व्हायची. शेवटी पाळी लावून घेतली. त्या दिवशी पाळी माझी होती. येताना दोन्ही डबे मी उचलायचे, हे मात्र ठरलेलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कारखान्यात प्रेसखाली गेलेली, वर छातीचं दुखणं. जोगेश्वरीत आमची एकच बिल्डिंग, मी तळमजल्यावर, तो चौथ्या. लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस बंद.

त्या गुरुवारीही लिफ्ट बंद होती. तरी मी फक्त माझा डबा उचलला आणि निघून आलो.

उत्तम वऱ्हाडातला, मी मालवणकडचा. अंधेरीला एमआयडीसीत पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना होता, तिथे दोघं एकाच खात्यात लागलो. तो दहावी पास, मी चौथी. त्याच्या खिशाला कायम पेन. कोणाला रजा हवी, कोणाला रेशनकार्डात नाव चढवायचं, सगळे जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर रांगेत. तुम्ही तुमच्या भाषेत सांगायचं, तो कागदाच्या भाषेत लिहिणार. माझे सासरे गेले तेव्हा मी म्हटलं, “लिही, म्हातारा आटोपला, गावी जातोय.” त्यानं लिहिलं, ‘माझे सासरे दीर्घ आजाराने निधन पावले.’ मी म्हटलं, “आजार कुठला? माडावरून पडला तो.”

“साहेब वाचणार आहे बे गणप्या. तुझा सासरा नाही वाचणार.”

असा तो. तोंडात एकच, “कागदावर आलं तं खरं.” मला पूर्वी वाटायचं, शिकल्याची मिजास आहे. मग एकदा त्यानं सांगितलं. त्याच्या बापानं न वाचता कशावर तरी अंगठा उठवला आणि राहतं घर गेलं. बाप चावडीवर ओरडून ओरडून सांगत होता, कोणी ऐकलं नाही. “बाप खरं बोलत होता. पण कागद बोलला ते ऐकलं लोकांनी.” एवढं बोलून त्यानं पेनाचं टोपण लावलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

माझ्या बायकोचं, शेवंताचं, आणि त्याचं चांगलं जमायचं. ती मालवणी बोलायची, तो तिचे शब्द पकडायचा. “वहिनी, हा शब्द मराठीत नाही.” ती म्हणायची, “मग तुमच्या मराठीत घाला. जागा नाय काय?” आणि तो पोट धरून हसायचा.

तिचं एक बोलणं होतं. तिचं माहेर खाडीपलीकडे. मुंबईहून येणारा माणूस होडीनं कधी पोचेल त्याचा नेम नसायचा. म्हणून घरची बाई उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ठेवायची. आला की पाय धुऊन आत. भांडून गेलेला असला तरी पाणी असायचंच. तेच तिच्या बोलण्यात आलं. आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं, मी चप्पल घालून निघायचो, की मागून ऐकू यायचं, “जा. उंबऱ्यार पाणी ठेवलंय हां.” म्हणजे राग आपल्या जागी, दार उघडं आहे, ये. तसा तांब्या आमच्या खोलीच्या दाराशी कधी ठेवलेला नव्हता. नुसतं म्हणायची. पण मी परत यायचो.

तिला जाऊन या रविवारी तीन वर्षं झाली. बिल्डिंगच्या गेटजवळ फळा आहे. पाणी कधी येणार, मीटिंग कधी, कोण गेलं, कोणाचं वर्षश्राद्ध, सगळं त्यावर खडूनं लिहायचं काम उत्तमचं. अक्षर छापल्यासारखं. गिरणीच्या बाकड्यावर बसल्या बसल्या मी त्याला म्हटलं, “या वेळी शेवंताच्या नावाखाली तिचं ते वाक्य लिही. उंबऱ्यावर पाणी ठेवलंय.”

तो म्हणाला, “ते नाही लिहिता येत.”

“का?”

“तसं मराठीत नाही. मी कुठं वाचलं नाही, कोणाकडून ऐकलं नाही.”

“माझी बायको बोलायची ना.”

“एकटी बोलायची. एकट्यानं बोललेला वाक्प्रचार नसतो, गणप्या. चार लोकांना कळावा लागतो. लोक विचारतील, पाण्याची वेळ आहे का म्हणून. हसतील.”

मला ‘हसतील’वर राग आला नाही. ‘एकटी बोलायची’, त्यानं आला. तिचे फोटो आहेत दोन, साडी एक ठेवलीय, पण तिचा आवाज माझ्याकडे तेवढ्या एका वाक्यात उरलाय. ते खोटं म्हणजे मग काय उरलं? मी बोललो त्याला. नको ते बोललो. “दुसऱ्यांचे अर्ज लिहून स्वतःला मोठा समजतोस मेल्या,” असं काहीतरी. माझं दळण झालं होतं. डबा उचलला.

तो मागून म्हणाला, “आणि माझा कोण नेणार बे?”

मी म्हटलं, “लिही अर्ज.”

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं वरच्या गॅलरीतून हाक मारली. “गणप्या, चहा!” मी टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी पहाटे वहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची, किंकाळी ऐकू आली. लिफ्ट बंद. चौघांनी खुर्चीत बसवून त्याला खाली आणलं, खुर्चीचा एक पाय मी धरला होता. त्याचं डोकं प्रत्येक पायरीला हलत होतं. रिक्षा हायवेला लागायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, छाती आधीपासून कमजोर होती, डबा उचलल्यानं होत नाही असं. मी विचारलं म्हणून सांगितलं त्यांनी. चार मजले आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी, अंत्यविधी आणि बुद्धवंदना आटोपल्यावर, मी वर गेलो. दारात अडखळलो. वहिनी म्हणाल्या, “या ना भाऊजी. काल रात्री जेवताना तुमचंच चाललं होतं त्यांचं. म्हणाले, गणप्या येईल, तं दार लोटू नको, उंबऱ्यावर पाणी ठेवलंय म्हण त्याला. मी म्हटलं, हे काय नवीन? तं म्हणाले, असं म्हणतात.” मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “म्हणतात का हो भाऊजी तुमच्याकडे?”

मी खाली पाहिलं. गुरुवारचा डबा दाराशेजारीच होता, झाकण लावलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्याकडे गेलो. फळा पुसला. माझं अक्षर म्हणजे कोंबड्यांनी उकरल्यासारखं, पण दुसरं कोण लिहिणार. वर शेवंताचं नाव लिहिलं, त्याखाली उत्तमचं, आणि दोघांच्या खाली ती एक ओळ. दुसऱ्या मजल्यावरची बाई दूध घेऊन येत होती. थांबली, वाचलं. म्हणाली, “काका, उंबऱ्यावर पाणी... म्हणजे? असं म्हणतात?”

मी म्हटलं, “म्हणतात.”

वर गावाहून माणसं आली होती, शेजारणी भाकऱ्या करून देणार होत्या आणि गुरुवारचं पीठ पुरणार नव्हतं. वहिनींकडून ज्वारी घेतली, गिरणीवर गेलो, दळून आणली. लिफ्ट बंदच होती. डबा खांद्यावर घेतला आणि चढायला लागलो.