तिसऱ्या थडग्यातला दोरा

पुराणवस्तू खात्याच्या त्या साहेबाचा मला आजही संताप येतो. संस्थान गेलं, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि त्याच सुमारास तो बेंबळीपलीकडच्या टेकडीत आला. तिथल्या खडकात खोल्यांसारख्या कोरलेल्या जुन्या थडग्यांची त्याला फेरतपासणी करायची होती. निजामाच्या काळात ती उकरून आतली हाडं हैदराबादला नेली होती. तेव्हाचं रजिस्टर उर्दूत, आणि माझी शाळाही उर्दूत झालेली, म्हणून कचेरीनं मला त्याच्या हाताखाली दिलं. "रझाकारांची भाषा बरी येते हो तुम्हाला," पहिल्याच दिवशी तो चारचौघांत म्हणाला. मी गिळून घेतलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

तिसऱ्या थडग्यात लहान मुलाची हाडं मिळाल्याची नोंद होती. साहेब हरखला. दोन हजार वर्षांपूर्वीचं मूल म्हणे! वर्तमानपत्रात फोटो येईल म्हणून लगेच कोटबिट चढवून बसला.

दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीवरची एक धनगर म्हातारी वर आली.

"साहेब, ते लेकरू माजं हाय. पटकीत गेलं. उन्हाळ्याचं दिस, खालचा मुरूम फुटंना, म्हून म्या त्याला तिसऱ्या खोलीत ठिवलं, तोंडाला धोंडे लावले. मेंढरं चारून माघारी आलो तर खोली रिकामी. हातात काळ्या मण्याच्या मनगट्या होत्या, लोकरीत ववलेल्या. कुठं न्हेलं, तेवढं सांगा."

"हाकला हिला," साहेब शिपायावर खेकसला.

मी रजिस्टर उघडलं. स्वच्छ लिहिलं होतं: मनगटावर काळे मणी, लोकरीचा दोरा शाबूत. रजिस्टर लिहिणाऱ्या निजामाच्या माणसानं निदान दिसलं तसं लिहिलं होतं. मी साहेबाला हळूच म्हणालो, "दोन हजार वर्षं लोकर टिकेल का?"

"दोरा गाळा. मणी राहू द्या," तो म्हणाला. "तुमची शिफारस मलाच लिहायचीय."

मी मराठी नक्कल केली. दोरा गाळला.

म्हातारी पायरीवर बसूनच होती. मी बाहेर आलो तशी म्हणाली, "बाबा, तुमाला वाचता येतंय. माज्या लेकराचं काय लिवलंय त्यात?"

"काही न्हाय, आज्जी. ते फार जुनं मूल हाय. तुमचं न्हाय."

तिनं पदराखालचा दुधाचा तांब्या काढून माझ्यापुढं ठेवला.

"दर साली त्या खोलीत ठिवीत हुते," ती म्हणाली. "तितं माजं कुणी नव्हतंच, तर तुमी प्या."

साहेब आतून बघत होता. मी प्यालो.