रॉकेट गजभियेचं, झाड माझं

रॉकेट नीट उडालं तर त्याची गोष्ट होत नाही. वर गेलं, पॅराशूटची छत्री उघडली, खाली आलं, संपलं. गोष्टी साचतात त्या झाडावर अडकलेल्या रॉकेटच्या. आमचा ग्रुप चहाला बसला की कोणीतरी एक काढतोच, आणि ती नेमकी माझी असते.

ग्रुप म्हणजे अमरावती-अकोल्याचे आम्ही चार-पाच हौशी लोक. पुठ्ठ्याच्या नळीची रॉकेटं बनवायची आणि रविवारी बडनेऱ्याजवळच्या एका पडीक वावरात उडवायची. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. संघपाल गजभिये अकोल्याहून येतो. तो सरकारी ऑफिसात आहे आणि दहावीनंतर त्यानं विज्ञान सोडलं. तरी त्याचं रॉकेट त्याच्या पायाशी येऊन उतरतं. मला त्याचा हेवा वाटतो. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही.

*

एकदा बायकोला मुद्दाम दाखवायला नेलं. त्या अख्ख्या वावरात एकच निंब आहे. माझं रॉकेट वारा कापत त्याच निंबात जाऊन बसलं.

मग गजभियेनं सोडलं. तेही निंबाकडेच निघालं. मी श्वास रोखला. ते शेंड्याला घासून वळलं आणि अलगद माझ्या बायकोसमोर उतरलं. तिनं टाळ्या वाजवल्या.

घरी गाडी लावताना ती म्हणाली, "त्या भाऊंची शिकवणी लावा नं तुमी."

*

शेंदूरजनाघाटला माझं रॉकेट संत्र्याच्या बागेत गेलं. मालकानं मला झाडाखालीच धरलं. बहार झडला म्हणून बराच वेळ बोलला. मी हात जोडून रॉकेट काढलं आणि निघालो.

थोड्या वेळानं गजभियेचंही त्याच बागेत अडकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. तो आणायला गेला तो येईचना. आम्हाला काळजी वाटली म्हणून बघायला गेलो, तर साहेब खाटेवर बसून वांग्याची भाजी-भाकर खात होते. मालक स्वतःच्या दुपट्ट्यानं त्याचं रॉकेट पुसत होता.

निघताना त्याला पिशवीभर संत्री मिळाली. माझ्याकडे बघून मालक म्हणाला, "मास्तर, बनवाचं तं असं बनवा."

*

अंजनगाव सुर्जीच्या एका शाळेत प्रात्यक्षिक होतं. माझं बाभळीत अडकलं. पोरांसमोर माघार कशी घेणार? चढलो. काट्यांनी पँट फाटली आणि मला वरही जाता येईना, खालीही येता येईना.

खाली वेळ निघून जाऊ नये म्हणून गजभियेनं आपलं रॉकेट सोडलं. ते मुख्याध्यापकांच्या हातात उतरलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुढे गजभिये. मागे बाभळीत माझे पाय.

*

त्यानंतर मी कित्येक महिने खपून एक लांबलचक रॉकेट बनवलं. गजभियेच्या वर जायचंच, एवढंच डोक्यात होतं. आणि ते गेलं! मान दुखेपर्यंत बघत राहिलो. मग छत्री उघडली आणि वाऱ्यानं ते थेट नाल्याकाठच्या जुन्या चिंचेच्या शेंड्यावर नेऊन ठेवलं. आमच्याकडचा एकही बांबू पुरला नाही.

मी नाद सोडला. गजभियेनं नाही सोडला. काही आठवड्यांनी त्यानं दोन बांबू एकाला एक बांधून, वर आकडी लावून आणले. आकडी रॉकेटपर्यंत पोचलीसुद्धा. मग त्यानं ती हळूच मागे घेतली.

"राहू द्या, सर," तो म्हणाला.

ग्रुपमधल्या वकीलसाहेबांची दुर्बीण घेऊन मी पाहिलं. छत्रीच्या घडीत काड्या रचून एक होला पक्षी अंड्यांवर बसला होता.

बाकीचे चहाकडे वळले. गजभिये मात्र दुर्बीण घेऊन तिथेच उभा राहिला. मी दोनदा हाक मारली. शेवटी दुर्बीण माझ्या हातात देत तो म्हणाला,

"तुमचं बरं हाय, सर. माहं तं दरवेळी खालीच येते."