गणोजी थुक्या

खोटे बोलणे कानावर पडले की गणोजी थुंकत असे. त्यात राग नसायचा, समोरच्याचा अपमान करण्याचा हेतूही नसायचा. कडू बदाम दाताखाली यावा आणि माणसाने तो झटकन बाहेर टाकावा, तसे त्याचे होई. मान वळवायची, थुंकायचे आणि पुन्हा समोरच्याचे बोलणे मुकाट्याने ऐकू लागायचे. सोयरीक जुळवणारे, बैल विकणारे आणि गावचे पाटील त्याच्यासमोर बोलताना जरा अडखळत. शाळेत आम्ही त्याचे नाव थुक्या ठेवले आणि ते त्याला जन्मभर चिकटले. त्याची बायकोसुद्धा चिडली की याच नावाने हाक मारी.

आमचे गाव दर्यापूरच्या बाजूला, काळ्या मातीतले. शाळा मारुतीच्या ओसरीत भरे. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवायची, पावकी-निमकी घोकायची आणि पंतोजींचा मार खायचा, एवढाच अभ्यास. पंतोजी प्रेमळ होते असे आता कोणी सांगू लागले तर मी ऐकून घेणार नाही. ते दुष्ट होते. त्यांच्या उपरण्याला तपकिरीचा आणि घामाचा वास येई आणि छडी मारताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस जमे.

शाळेच्या दिव्यासाठी पाटलाकडून तेल येत असे आणि पंतोजी ते घरी नेत. एकदा पाटलाने विचारले तेव्हा त्यांनी पिंजाऱ्याच्या करीमकडे बोट दाखवले, या पोराने सांडले म्हणाले. करीम रडू लागला. थुक्या मान वळवून थुंकला. पाटलाने मला विचारले, तेव्हा मीही खरे तेच सांगितले. पाटील गेल्यावर पंतोजींनी आम्हा दोघांचे हात बांधून आम्हाला आढ्याला टांगले. खाली सगळी शाळा हसत होती. सर्वांत मोठ्याने हसत होता भिकाजी. करीम तेवढा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

पुढे मी अकोल्याच्या कचेरीत कारकून झालो. थुक्या बापाच्या वावरात राबू लागला, करीम पिंजण घेऊन अकोल्याला आला आणि भिकाजीने अमरावतीत कापसाची अडत घातली. तोच सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले.

त्या दिवसांचे वर्णन लोक मोठ्या हौसेने करतात. मला मात्र अजून शिसारी येते. ज्वारी सोडून जो तो कापूस पेरू लागला. ज्वारी इतकी महागली, की मजुरांच्या चुलीवर अंबाडीच्या भाजीखेरीज काही चढेना. इकडे ज्याच्या अंगणात बोंडे, तो बैलांच्या शिंगांना चांदी मढवी आणि लग्नात तुपाने हात धुई. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ लागे आणि वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी शिंपडत. तो ओला कापूस गंजीत कुबट होई. सरकीचा कुजका वास, शेणाचा वास आणि त्यावर अडत्यांनी अंगाला चोपडलेले अत्तर, असे सगळे एकत्र नाकात जाई. थुक्या बाजारातून आला की आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसे. तो म्हणे, “बापू, पैसा वंगाळ नसते. पैशाची घाई वंगाळ असते.”

लढाईच्या शेवटच्या वर्षी, दिवाळी होऊन पहिली वेचणी निघाल्यावर, भिकाजीने नव्या घराची वास्तुशांत केली. परकोटाबाहेर, राजापेठेच्या अंगाला त्याने दुमजली घर बांधले होते. शाळेतल्या सगळ्या सोबत्यांना निमंत्रण होते आणि सर्वांना चालावे म्हणून स्वयंपाकाला ब्राह्मण आचारी बोलावले होते. थुक्याने आपल्या कापसाचा सौदा भिकाजीकडेच केला होता. त्यामुळे त्याची भरलेली गाडीही त्या दिवशी भिकाजीच्याच आवारात उभी होती.

पुष्कळ वर्षांनी सगळे भेटलो होतो. जेवणे झाली, विडे झाले, पांढऱ्या चादरींवर लोडांना टेकून आठवणी निघाल्या. कोणाला कशी छडी बसली, कोणाचा कान कसा फाटला. त्या वेळी ज्याच्या डोळ्यांतून पाणी आले होते तोच आता पोट धरून सांगत होता. मलाही हसू येत होते. थुक्या भिंतीशी बसून सुपारी कातरत होता.

मग भिकाजी म्हणाला, आज पंतोजींनाही बोलावले आहे. त्याने टाळी वाजवली आणि दारातून पंतोजी आत आले.

मी त्यांना ओळखले नाही. पोरे वेचणीला जाऊ लागल्याने शाळा कधीच मोडली होती आणि एवढ्या महागाईत मधुकरी कोण वाढणार? गालांची खळगी झालेली, धोतर मळलेले, डोळ्यांच्या कडांना चिपडे. भिकाजीच्या मांडीवर एक शाल होती. पंतोजी तिच्याकडेच बघत होते.

भिकाजीने त्यांना सभेच्या मध्ये उभे केले आणि पावकी म्हणायला सांगितली. जिथे चुकेल तिथे एक उठाबशी, शेवटास गेलात तर शाल तुमची. पंतोजींनी सुरुवात केली. आवाज चिरका होता. थोड्या वेळाने ते अडखळले, तेव्हा त्यांनी स्वतःच दोन्ही कान धरले आणि खाली बसले. पण वर येता येईना. सभेत हशा पिकला. कोणीतरी पानाची पिचकारी पिकदाणीत टाकायची ती हसता हसता चादरीवरच टाकली. भिकाजीने हातातल्या वेताच्या काठीने त्यांना मागून ढोसले.

पंतोजीही हसत होते. तोंडातले उरलेसुरले दात दाखवून, आपल्या पोरांचे कौतुक करावे तसे, शालीवरची नजर न काढता ते हसत होते. सगळ्यात ओंगळ काही असेल तर ते हसणे.

आता थुक्या थुंकणार असे वाटून दोघेचौघे त्याच्याकडे बघू लागले होते. तो थुंकला नाही. उठला, सभेतून चालत गेला आणि पंतोजींच्या काखेत हात घालून त्याने त्यांना उभे केले. मीही उठून दुसरा हात धरला.

भिकाजी हसतच म्हणाला, “काहून रे थुक्या, इसरला काय? यानंच तुले आढ्याले टांगलं होतं ना?”

“नाई इसरलो,” थुक्या म्हणाला. “मी वर टांगला होतो तवा तुमी सारे खाली हासून राहिले होते. आज जे हासले ना, ते बी तेच हासनं होतं.”

आम्ही पंतोजींना घेऊन आवारात आलो. थुक्या आपले बैल जुंपू लागला. मुनीम धावत आला, सौदा झालेला माल परत कसा नेता म्हणू लागला. थुक्याने त्याला सांगितले, की माल अजून माझ्या गाडीत आहे आणि या घराला मी तो देणार नाही. पंतोजींना त्याने कापसावर बसवले. दरवाजातून गाडी बाहेर पडताना पंतोजी मागे वळून म्हणाले, “अरे, पण शाल?”

त्यांना त्याने घरीच नेले. दुसरा अडत्या पाहून माल विकावा, एवढ्यात परदेशातली लढाई थांबली आणि भाव कोसळला. थुक्याच्या बायकोने त्याला महिनाभर थुक्या म्हणूनच हाक मारली. भिकाजीचीही अडत त्यात बसली. थुक्याने निम्मा कापूस पडत्या भावाने विकला. उरलेल्यातून अकोल्याहून करीमला बोलावून गाद्या भरून घेतल्या. त्यातली सर्वांत जाड गादी पंतोजींना दिली. पंतोजी म्हणाले, फार मऊ आहे, पाठ दुखते.

मी सुटीत गावी गेलो की त्यांच्याकडे जात असे. पंतोजी कुणब्याच्या हातचे खात नसत, पाणीही घेत नसत. गोठ्याशेजारच्या पडवीत त्यांची वेगळी चूल होती. थुक्या शिधा आणून ठेवी आणि ते स्वतःचे शिजवीत. ज्वारी जाडी दळली, डाळीत खडे आहेत, गणोजी लहानपणापासून मठ्ठच. हे सगळे थुक्या ऐकून घेई आणि आपल्या कामाला जाई.

एकदा मी त्याला विचारले, हे सगळे तू का करतोस? तुला त्यांची माया आहे काय?

“माया?” तो म्हणाला. “मले त्या म्हाताऱ्याची आज बी किळस येते, बापू. त्याचा खोकला आयकला का जेवन जात नाई. पन त्या दिवशी मले तुमच्या साऱ्या सभेची त्याहून जास्त आली. मंग ज्याची कमी येते, त्याले घरी आनलं.”

पंतोजी अंथरुणाला खिळल्यावर त्याने मला निरोप पाठवला. मी अकोल्याहून पोचलो तेव्हा पडवीत दुर्गंधी भरून राहिली होती. धोतर, गादी, सगळेच नासले होते. थुक्या नाकाला फडके बांधून गादीवरची चादर बदलत होता आणि मधून मधून बाहेर जाऊन उलटी करून येत होता. पुन्हा आत येई, पुन्हा ओला फडका घेई. मी ब्राह्मण, म्हणून मीच विहिरीवरून सोवळ्याने पाणी आणले आणि भांडे पंतोजींच्या ओठांशी नेले. त्यांनी तोंड फिरवले.

“तुझ्या हातचे नको,” ते म्हणाले. “गणोजीला म्हणावे, तू दे.”

थुक्या दारातच थांबला. “मी कुनबी हावो, पंतोजी.”

“ठाऊक आहे. दे.”

थुक्याने हात धुतले, नाकावरचे फडके सोडले आणि त्यांचे डोके मांडीवर घेऊन पाणी पाजले. दोन घोट गेले. पंतोजींनी तोंड वाकडे केले आणि म्हणाले, “कोमट आहे.” संध्याकाळ व्हायच्या आत ते गेले.

त्यांचे कोणीच नव्हते, म्हणून अग्नी मी दिला. नंतर आम्ही नदीत उतरलो. थुक्या कितीतरी वेळ वाळूने हातपाय घासत होता. आता घर ओकेबोके वाटेल, असे काहीतरी मी बोललो.

“नाई,” तो म्हणाला. “बरं वाटून राहिलं. मले रडू येत नाई. तुले येत असन तर तू रड.”

मला आले. तो काठावर बसून माझे संपेपर्यंत थांबला आणि मग माझे धोतर पिळून दिले.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. अकोल्याला आगगाडी आली, मी कचेरीच्या कामात बुडालो. एका उन्हाळ्यात पटकीची साथ दर्यापूरच्या बाजूने फिरली. पुढे एक दिवस बाजारातून जाताना करीमने मला दुकानातून हाक मारली. त्याच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकले होते. तो म्हणाला, “गणोजी गुजर गया, बापू. मले बी आजच कळलं.”

त्याने पिंजण भिंतीला टेकवले आणि मला बसायला गादी झटकून दिली. दुपारभर आम्ही शाळेचेच बोलत राहिलो. छडी, आढे, तेल, भिकाजी. त्या सगळ्यांत एकही आठवण गोड निघाली नाही. दोघांनाही घरी जायचे होते, पण आधी कोणी उठेना.