नाताळातला बुध्या

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असे मला वाटतही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, काहींच्या तपासाबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्यातल्या आरोपींची नावेसुद्धा आज आठवत नाहीत. ही तर कुलूप न तोडता झालेली एक साधी चोरी होती. तिचा तपास मी केला, चोर पकडला, माल हस्तगत केला, आणि फिर्यादीचे वाटोळे केले.

मी तेव्हा सातपुड्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मी शहाद्याकडचा, तापीकाठच्या शेतकरी घरातला. पहाडातल्या आदिवासींची पावरी बोली मला कळत नसे. त्यासाठी आमचे एक जुने हवालदार होते. ते सपाटीवरचे, घरीदारी अहिराणी बोलणारे, पण पंधरा वर्षे पहाडात काढल्यामुळे पावरी चांगली समजणारे. त्यांच्या तोंडून मी त्या मुलुखाशी बोलत असे.

नोव्हेंबर सरत आला होता. मोलगीच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची हजेरी चालू असताना एक म्हातारा पावरा ठाण्याच्या दारात येऊन उभा राहिला. काल बाजाराला गेलो तेव्हा घरातून पट्टा गेला, असे तो सांगत होता. मला वाटले चामड्याचा पट्टा असेल. हवालदार म्हणाले, तसला नाही साहेब, होळीचा.

पहाडात होळीला पुरुष नवस फेडण्यासाठी बुध्या होतात. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळक्या भोपळ्यांचा आणि घुंगरांचा पट्टा. ते पाच दिवस पालनी करायची. म्हणजे पायात काही घालायचे नाही, जमिनीवर झोपायचे, खाटेवर-बाकावर बसायचे नाही, बायकोपासून लांब राहायचे. या म्हाताऱ्याची मुलगी बाळंतपणात मरता मरता वाचली होती. तेव्हा त्याने पाच होळ्या बुध्या होण्याचा नवस बोलला होता. चार होळ्या झाल्या होत्या, पाचवी येत्या मार्चमध्ये होती. पट्टा त्याच्या बापाचा होता आणि नवस त्या पट्ट्यावर हात ठेवून बोललेला होता, त्यामुळे शेजाऱ्याचा उसना आणून चालणार नव्हते. नवस अर्धा राहिला तर वाचलेली पोर परत जाईल, एवढीच त्याची भीती होती.

मी हसलो. भोपळे वाळवून दुसरा पट्टा करता येत नाही का, असे विचारले. मग सवयीप्रमाणे मी वर्णन लिहून घेतले. मधला भोपळा तडकलेला आहे, त्याला तांब्याच्या तारेचे टाके घातले आहेत, आणि घुंगरांमध्ये एक मोठी घंटी आहे, ती बापाच्या बैलाच्या गळ्यातली. संशय कोणावर, असे विचारल्यावर त्याने सांगितले की बाजारगावातला एक ठेकेदार पहाडातली माणसे नाचाच्या कार्यक्रमांना नेतो, त्याने महिन्यापूर्वी पट्टा मागितला होता आणि आपण दिला नव्हता. एवढे सगळे आयते हातात असताना मी गुन्हा नोंदवला नाही. वस्तू गहाळ झाल्याचा अर्ज घेतला आणि त्याला वाटेला लावले. ठाण्यात गुन्हे वाढले की महिन्याच्या बैठकीत उत्तरे द्यावी लागतात, हे ज्याने ही नोकरी केली त्याला सांगायला नको.

पुढे नाताळची सुट्टी आली. आमच्या हवालदारांची बायको माहेरच्या मंडळींबरोबर गुजरातेतल्या एका मोठ्या थीम पार्कला जाऊन आली. तिथे नाताळात मोठी धूम असते, आपल्याकडच्या गाड्याच्या गाड्या भरून जातात. चहाच्या वेळी हवालदारांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. घरच्या सहलीचे फोटो दाखवत आहेत असे समजून मी कौतुकाचे दोन शब्द बोलू लागलो.

"साहेब, मन्ही बायकोले नका देखा," ते म्हणाले, "मांगे देखा."

मागे मोरपिसांचा टोप घातलेला एक माणूस उभा होता. हवालदारांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. कमरेच्या मधल्या भोपळ्यावर तांब्याच्या तारेचे टाके स्पष्ट दिसत होते.

मग मात्र मी घाई केली. चोरीचा गुन्हा दाखल केला, ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली, राज्याबाहेर जाण्याची परवानगी फोनवरून मिळवली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे साध्या कपड्यांत निघालो. विसरवाडीला चहा घेतला, पलीकडच्या ठाण्याला रीतसर कळवले आणि अकराच्या सुमाराला त्या पार्कच्या दारात पोहोचलो. तिकीट फाडणाऱ्या मुलीने आमच्या दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या गोंड्याच्या लाल टोप्या चढवल्या. नको म्हणायला गेलो तर ती म्हणाली, सगळ्यांना असतात, काका. आत थर्माकोलची हरणे, यंत्रातून उडणारा साबणाच्या फेसाचा बर्फ आणि उन्हात लाल कोट घालून घामाघूम झालेला सांताक्लॉज. तो दाढी वर उचलून बाटलीतले पाणी पीत होता. आम्ही दोन मिशाळ माणसे लाल टोप्या घालून त्या गर्दीतून आरोपी शोधत चाललो होतो.

प्लास्टिकच्या हत्तींच्या मागे जंगल नावाचा विभाग होता. तिथे दर तासाला भोंग्यावरून पुकारा होई आणि पाच-सहा माणसे झोपडीतून बाहेर येऊन नाचत. बघणारे हसत होते, फोटो काढत होते, कोणी मुलाला पुढे ढकलत होते. त्या गलक्यातही एक घंटी वेगळी ऐकू येत होती. घुंगरांच्या बारीक आवाजाखाली तिचा जाड, सावकाश आवाज होता. बैल चालताना येतो तसा. शेजारी बघितले तर हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. का, ते मी विचारले नाही.

पट्टा घातलेल्या माणसाला आम्ही सुरक्षारक्षकांच्या खोलीत नेले. तो म्हाताऱ्याच्या शेजारच्याच पाड्यावरचा निघाला, चाळिशीतला. मी त्याला बाकावर बसायला सांगितले. तो बसला नाही. अर्धा तास मी प्रश्न विचारले, दरडावले, पलीकडच्या ठाण्यातून आलेल्या शिपायाने तर हातही उगारला. तो एक शब्द बोलेना आणि बसेही ना. माझा अनुभव असा की पोलिसाला घाबरलेला माणूस बस म्हटले की बसतो. जो बसत नाही त्याचे कारण दुसरे असते. मी खाली बघितले. बाकीच्या नाचणाऱ्यांच्या पायांत चपला होत्या, हा अनवाणी होता. हवालदारांच्या ते माझ्या आधी लक्षात आले होते.

"साहेब, हाऊ पालनी करी ऱ्हायना," ते हळूच म्हणाले.

नाताळात, त्या फेसाच्या बर्फात, तो माणूस होळीचे नियम पाळत होता. त्याला कोणी सांगितले नव्हते. आल्या दिवसापासून तो राहायच्या खोलीतली खाट सोडून फरशीवर झोपत होता. मी हवालदारांना विचारायला सांगितले की पालनी करतोस ती कोणाच्या नवसाची? एवढ्या प्रश्नावर तो खाली बसला, जमिनीवर, आणि रडायला लागला. म्हाताऱ्याचे घर ठेकेदाराला त्यानेच दाखवले होते. बाजाराच्या दिवशी घर रिकामे असते हेही त्यानेच सांगितले होते. ठेकेदार म्हणाला होता की होळीच्या आत पट्टा परत जागेवर टांगू. तोपर्यंत त्या पट्ट्याला विटाळ होऊ नये म्हणून हा आपल्या परीने जपत होता.

ठेकेदाराला संध्याकाळी त्याच्या दुकानातून उचलले. तो जराही डगमगला नाही. "साहेब, त्या भोपळ्यांचं मला काय लोणचं घालायचंय? होळीच्या आत परत देणारच होतो," असे म्हणाला. मी त्याला चांगले सुनावले.

पंचनामा झाला. पट्टा कापडात बांधला, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली, लाखेचे सील मारले आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवला. एका वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला. तो मी कापून ठेवला होता, हेही सांगितले पाहिजे.

म्हातारा आनंदाने आला आणि रिकाम्या हाताने परत गेला. तो तीनदा आला. चौथ्यांदा आला तेव्हा होळी आठवड्यावर होती. तो अनवाणी होता, पालनी त्याने आधीच धरली होती. मी खुर्ची पुढे केली, तो उभाच राहिला. मी त्याला समजावले की माल आता न्यायालयाचा आहे, तो हमीपत्रावर मिळू शकतो, पण त्यासाठी अर्ज लागतो आणि पट्टा तुझाच असल्याचा पुरावा लागतो. कसली पावती आहे का, असे मी विचारले. बापाच्या पट्ट्याची पावती. आज ते वाक्य आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तो हवालदारांकडे न बघता, मोडक्यातोडक्या मराठीत थेट माझ्याशी बोलला. "पाच दिवस दे. मग तुझ्या खोलीत परत ठेव."

सील तुटले तर ओळख पटणार नाही आणि चोर सुटेल, असे मी सांगितले.

"चोर सुटू दे, साहेब," तो म्हणाला. "मला होळी पाहिजे."

हवालदारांनी मान खाली घातली. मी म्हाताऱ्याला म्हणालो, असे चालत नाही.

खरे म्हणजे चालले असते. पट्ट्याचे चारही बाजूंनी फोटो काढून, माझी हरकत नाही असा अहवाल देऊन, मी स्वतः त्याचा अर्ज न्यायालयात लावला असता तर दोन-तीन दिवसांत काम झाले असते. मी तसे केले नाही, कारण मला शिक्षा लागलेली हवी होती. वर्तमानपत्रात फोटो आला होता ना. कायद्याने माझे हात बांधलेले नव्हते, मीच ते खिशात घालून बसलो होतो. ठेकेदाराने होळीच्या आत पट्टा टांगला असता की नाही, देव जाणे. पण होळीच्या दिवशी तो पट्टा चोराकडे नव्हता, माझ्याकडे होता.

त्या होळीला म्हातारा अंगाला राख लावून, रिकाम्या कमरेने, रिंगणाच्या बाहेर उभा राहिला. नाचला नाही. बंदोबस्ताला गेलेल्या हवालदारांनी पाहिले आणि मला येऊन सांगितले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतेच बोलू लागले.

खटला पुढे दोन वर्षांनी उभा राहिला. नाचणाऱ्याला मी आरोपी न करता साक्षीदार केले होते, तो फितूर झाला. त्याला त्याच ठेकेदाराकडे काम मिळत होते, त्याचा मला राग येत नाही. म्हातारा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. ठेकेदाराच्या वकिलाने विचारले, असे पट्टे पहाडात घरोघरी असतात ना? तो हो म्हणाला. तडकलेला भोपळा तारेने शिवायची रीत सगळीकडेच आहे ना? त्यालाही तो हो म्हणाला. खोटे बोलणे त्याला माहीत नव्हते आणि पुढचे, बापाच्या बैलाच्या घंटीचे, कोणी त्याला विचारले नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. पार्कने ठेकेदाराच्या सहीचे एक बिल हजर केले, शोभेच्या वस्तू असे त्यावर लिहिलेले. म्हाताऱ्याकडे कागद नव्हता. ज्याच्या ताब्यातून माल जप्त झाला त्याला तो परत द्यावा, असा हुकूम झाला. सील माझ्याच ठाण्यात फोडले आणि पट्टा पार्कच्या माणसाच्या हवाली केला. अपील व्हावे म्हणून मी वर लिहिले, त्याचे उत्तर आले नाही.

हे म्हाताऱ्याला सांगायला मी मोलगीच्या बाजारात गेलो. हवालदार बरोबर आले. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने एकच विचारले. "तिथं कुणाचा नवस फेडतात?"

त्याची मुलगी त्याच्या शेजारीच बसली होती, टोपलीत हरभऱ्याची भाजी घेऊन. धडधाकट होती, मांडीवर दुसरे मूल होते. तिला नुसता ताप आला तरी बाप जेवत नाही, असे हवालदारांनी मला परतताना सांगितले. गेलेल्या माणसाचे दुःख कधीतरी निवते. हा म्हातारा मात्र जिवंत मुलीचे सुतक धरून बसला होता, आणि ते मी त्याच्या घरात घातले होते.

निवृत्त झाल्यावर नव्या पोरांपुढे बोलायला कधी कधी बोलावतात. तपासाच्या चार गोष्टी सांगा म्हणतात. मी एकच सांगतो. फिर्यादी दारात आला की आधी त्याला विचारा, तुला चोर पाहिजे की वस्तू पाहिजे. आपण धरून चालतो की त्याला दोन्ही हवे आहे, आणि मग आपल्याला जे हवे त्याच्या मागे धावतो. पोरे वहीत लिहून घेतात. मला कोणी हे सांगितले नव्हते असे नाही. म्हाताऱ्याने सांगितले होते.

गेल्या नाताळात सुनेने हट्टाने आम्हा सगळ्यांना त्याच पार्कला नेले. घरात मी ही गोष्ट कधी काढलेली नाही, त्यामुळे टाळायला कारण नव्हते. दारात लाल टोप्या मिळाल्या. नातीने माझा हात धरून मला प्लास्टिकच्या हत्तींच्या मागे नेले. दिसण्याआधी मला घंटी ऐकू आली. नाचणारा माणूस नवा होता, पायांत बूट होते, टोपाची पिसे प्लास्टिकची झाली होती. नाच संपल्यावर तो पट्ट्यासकट खुर्चीवर बसला आणि मोबाइल बघू लागला.

"आबा, हा खराखुरा आहे का?" नातीने विचारले.

"माणसाचं मला माहीत नाही," मी म्हणालो. "पट्टा खरा आहे."

तिला त्याच्याबरोबर फोटो हवा होता. सुनेने मोबाइल वर धरला आणि मलाही शेजारी उभे राहायला सांगितले. मी उभा राहिलो. तो फोटो आता आमच्या बैठकीच्या खोलीत लावला आहे. त्यात तांब्याच्या तारेचे टाके दिसतात, आणि माझ्या डोक्यावर ती लाल टोपी तशीच आहे.