नाक्यावरची ढेप

आमचं घर कुठल्याच गावात नव्हतं. सातारा जिल्हा संपून सांगली संस्थान सुरू व्हायचं त्या हद्दीवर जकातीचा नाका होता. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला कौलारू खोली आणि खोलीच्या पाठीशी आमचं दोन खणांचं बिऱ्हाड. हे, म्हणजे माझे यजमान, त्या नाक्याचे कारकून. लढाईची सगळी वर्षं मी तिथं काढली. दिवसभर दारावरून गाड्या जायच्या, पण माझ्याकडे म्हणून कुणी यायचं नाही. जकात घेणाऱ्याच्या बायकोकडे घोटभर पाणी मागायलाही माणूस कचरतो. पलीकडच्या वस्तीतल्या बायका मला विहिरीकडे येताना पाहिलं की घागर भरली न भरली तोच पाठ फिरवायच्या. कधीकधी वाटायचं, निदान भांडायला तरी कुणी यावं.

भांडायला यायचा तो माझा धाकटा भाऊ, आणि तोही यांच्याशी. आष्ट्याच्या अलीकडे, नाक्यापासून सकाळी निघालं तर उन्हं तापायच्या आत पोचता येईल एवढ्या अंतरावर त्याचं उसाचं रान होतं. आईवडील गेलेले, मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझं माहेर म्हणजे तो एकटाच. गुऱ्हाळ सुरू झालं की रस आटवायच्या कढईतली, पहिल्या काहिलीतली पहिली ढेप बहिणीची, ही आमच्या घरची रीत. वडिलांनी ती आत्याला दिली, भाऊ मला देत आला. सांगलीच्या पेठेला निघालेल्या गुळाच्या गाडीत माझी ढेप सगळ्यांच्या वर, धुतलेल्या फडक्यात बांधलेली असायची. नाक्यावर गाडी सोडून तो बैलांना पाणी दाखवी आणि मग ती ढेप स्वतः उचलून माझ्या पदरात घाली. वजनानं मी पुढे ओणवी व्हायची आणि तो हसायचा. तेवढ्या हसण्यावर माझं पुढचं वर्ष निघायचं.

मग जेवण, आणि जेवताना वाद. वादाला विषय एकच, कर. लढाईत गुळाचा भाव असा चढला की भावाच्या घरावर नवी कौलं आली, चरकाला बैलांऐवजी इंजिन आलं. तिकडे संस्थानानं जकात वाढवली. भाऊ खवळला. त्याच्या गावात तेव्हा रोज सभा व्हायच्या, आणि कुठल्याच सरकारला काही द्यायचं नाही असं तरणी माणसं उघड बोलायची. ऊस आमचा, राबणूक आमची, आणि आमच्या जकातीवर रस्ता कुठला होतो तर माधवनगरच्या गिरणीचा, दिवे कुठं लागतात तर सांगलीत, असं त्याचं म्हणणं. यांचं म्हणणं वेगळं होतं. हे म्हणायचे, भाव चढला तो काही तुमच्या राबण्यानं चढला नाही, तुम्ही आधीही एवढेच राबत होता. लढाईनं ज्याच्या पदरात टाकलं त्यानं थोडं काढून द्यावं. नाहीतर मग कुणी द्यायचं, पूर्वेकडच्या दुष्काळातल्या मेंढकऱ्यांनी? त्यावर भाऊ ताडकन म्हणायचा की त्यांच्याकडूनही घेताच की, मेंढरागणिक. यावर हे ताकाची वाटी तोंडाला लावायचे.

मी वाढत असायची. दोघांचंही खरं होतं, आणि दोघंही मला विचारत नव्हते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की भाव चढला काय, जकात चढली काय, माझ्या चुलीत काही फरक पडलेला नाही, तेव्हा गप जेवा.

त्या वर्षी भावाची गाडी आली तेव्हा मागे त्याच्याच गावच्या आणखी गाड्या लागलेल्या होत्या. यांनी ढेपा मोजल्या. मालाची जकात भावानं तोंड वाकडं करून का होईना, दिली. फडक्यातल्या ढेपेची मात्र देणार नाही म्हणाला.

"दाजी, ह्यो माल न्हाई. बहिनीला हाय ही."

मागचे गाडीवान जुवावरून उतरून ऐकत उभे राहिले. मेहुण्याची ढेप सोडली तर प्रत्येक गाडीत एकेक बहीण निघेल, हे यांना दिसत होतं. भावालाही गावासमोर नमायचं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात पदर पसरायच्या बेतात उभी.

"हद्द ओलांडली की माल तो माल," हे म्हणाले. "मग कुणालाही असो."

आणि मग यांनी तो प्रकार केला. खिशातून स्वतःचे पैसे काढून सरकारी पेटीत टाकले आणि पावती भावापुढे धरली. यांना वाटलं, कायदाही राहिला आणि नातंही. माझा नवरा मोठा सरळ माणूस, पण सरळ माणसाला कधीकधी एवढंही कळत नाही. भावानं बहिणीला आणलेल्या वाणाचे पैसे दाजीनं भरले म्हणजे ते वाण राहतं कुठं? भावाचं तोंड उतरलं. पावती त्यानं घेतलीच नाही. ढेप गाडीतून उतरवून नाक्याच्या खोलीत टेकवली आणि बैलांना हाळी देऊन निघाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मी धावले असते.

ढेप तिथंच राहिली. हे म्हणाले, जकात भरलेली आहे, घरात घे. मी नाही घेतली. भावानं पदरात घातली तर ती माझी, नाहीतर गूळ काय दुकानातही मिळतो. स्वयंपाकघराच्या दारातून ती मला रोज दिसायची. आधी मुंग्या आल्या, मग माश्या. पावसाळ्यात ती पाझरायला लागली, फडकं काळं पडलं, आणि एक दिवस हे गुपचूप घमेल्यात भरून ती ओढ्याकडे घेऊन गेले. आल्यावर बराच वेळ हात धूत होते.

त्यानंतर भावाच्या गाड्या माधवनगरकडच्या दुसऱ्या वाटेनं जाऊ लागल्या. भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट करून ठेवायची आणि दिवेलागणीला निरांजन देवापुढे सरकवायची. मी जाऊ शकत नव्हते. न्यायला कुणी आल्याशिवाय लेकीनं माहेरच्या दारात उभं राहायचं नाही, हे आमच्यात लहानपणीच अंगात मुरवतात. संक्रांतीला दुकानच्या गुळाचे लाडू केले. तेव्हा विहिरीजवळ एका मेंढकरणीचा तळ होता, तिला हाक मारली. ती आली, हळदकुंकू घेतलं, लाडू खाल्ला. जाताना म्हणाली, "बाई, लय एकली हाईस गं तू." दुष्काळी मुलखातून मेंढरं घेऊन उघड्यावर हिंडणारी बाई मला हे म्हणाली. ती गेल्यावर मी पोटभर रडले.

लढाई संपली, इंग्रज गेले, आणि मग संस्थानही विलीन झालं. एका सकाळी माणसं आली, बांबू काढून घेऊन गेली. हे मोकळ्या रस्त्याकडे पाहत पायरीवर बसून राहिले. कारकुनांना कुठं घालायचं ते ठरेपर्यंत आम्ही तिथंच राहायचं होतं. मला मात्र आतून उभारी आली. ज्याच्यापायी भांडण झालं तेच आता उरलं नव्हतं. दिवाळीत मी ताट केलं. तो आला नाही.

तेव्हा मला गुऱ्हाळाची आठवण झाली. माहेरच्या दारात जायला बोलावणं लागतं, गुऱ्हाळावर जायला लागत नाही. वाटेनं जाणारा कुणीही तिथं बसतो, रस पितो, गरम गूळ खातो, आणि त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. गुऱ्हाळ कधी पेटणार ते गाडीवानांकडून कळलं, तशी त्या दिवशी यांना सांगून मी पहाटे निघाले.

इंजिनाचा आवाज लांबूनच ऐकू येत होता. पहिली काहील नुकतीच उतरली होती. चुलवाणाच्या अलीकडे वाटसरू बसले होते, त्यांच्यात दोन मेंढकरणी होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. भावानं मला पाहिलं. केस पिकायला लागले होते त्याचे. तो स्वतः रसाचा तांब्या घेऊन आला आणि मला वाटलं, झालं, मिटलं. मी रस प्याले. समोर पहिल्या काहिलीची पहिली ढेप निवत होती. ती मी ओळखली, आणि मी तिच्याकडे पाहतेय हे त्यानंही ओळखलं.

"आक्का, ती पेठंला जाती आता," तो म्हणाला. "दाजीच म्हनलं व्हतं न्हवं, माल त्यो माल."

त्यानं उसाच्या पाल्यावर गरम गुळाचा गोळा घेतला, मेंढकरणींना दिला तेवढाच, आणि माझ्या हातात ठेवला.

"खा. ह्ये वाटसरूचं. ह्याला कर न्हाई."

मला तिथं तो खाववला नाही. पाल्यात धरून मी परत निघाले. दुपारी नाक्याच्या जागी पोचले. बांबूचे खड्डे बुजून त्यांवर गवत आलं होतं. सवयीनं माझे पाय थांबले. गूळ उघडाच हातात होता, आणि काय नेतेस, कुणाकडून आणलंस, हे विचारायला रस्त्यावर कुणी नव्हतं.