काकांच्या पानावर आज तीनशे बारा जण

मोहने गावातल्या बंद कारखान्याच्या जुन्या कामगारांची वेबसाइट मी चालवतो. वडिलांचे दोस्त जाधवकाका तिच्यावर कारखान्याच्या आठवणी लिहायचे. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "आज किती जणांनी वाचलं रे?"

कुणीच वाचलेलं नसायचं. मग मीच माझ्या मोबाइलवरून त्यांचं पान सात-आठ वेळा उघडायचो आणि तो आकडा त्यांना सांगायचो. काका खूश.

आज सकाळी काका गेले. मी कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आणि त्यांच्या पानाची लिंक टाकली. आत्ता काउंटर पाहिला. आज तीनशे बारा, काल शून्य.

काल कुठे होतात रे सगळे, असं विचारणार होतो. पण त्या शून्यात मीही आहे. काल मी काकांचा फोनच उचलला नव्हता.